पन्नाशीपुढच्या बाईला आयर्नची गोळी लिहून देणाऱ्या सगळ्या डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब, डॉक्टर मॅडम,

नमस्कार. मी डीएमएलटी केलेली लॅब टेक्निशियन आहे. सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी छोट्या लॅबमध्ये गेली १९ वर्षं काम करते. तुम्ही चिठ्ठीवर सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी लिहिता आणि पेशंट जिच्यासमोर हात पुढे करून बसतो ती मी. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, ट्यूब हळू उलटसुलट करायची, मशीनला लावायची, मिनिटभरात आकडे बाहेर, आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांची सही झाली की रिपोर्ट तुमच्याकडे. इतकंच माझं काम, त्यामुळे डॉक्टरांना पत्र लिहायचा मला काय अधिकार असं कुणी म्हणेल, म्हणू दे, पण पन्नाशीपुढच्या बाईच्या कमी रक्तामागे कधी कधी ओव्हरीचा म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर असतो हे मी गेलं दीड वर्ष मनात घेऊन फिरतेय आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दिवसभरात माझ्यासमोर जेवढ्या बायका येतात त्यातल्या निम्म्या तरी एचबीत म्हणजे हिमोग्लोबिनमध्ये बाराच्या खाली असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, त्याआधीच्या पाहणीत तो ४८ टक्के होता, म्हणजे गोळ्या वाटून वाटून वाढलाच. आणि इतक्या जणींचं कमी असलं की मग कमी एचबीला कुणी दचकत नाही. नऊ आलं तरी चालतंय, दहा आलं तर बरं आहे की. "बायकांचं असतंच कमी" हे वाक्य मी स्वतः काउंटरवर उभं राहून कितीतरी वेळा बोललेय, आणि माझ्या सख्ख्या बहिणीलाही बोलले.

अक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी किलो वजन, शेतातलं सगळं काम, दोन म्हशींची धार. पाळी जाऊन चार वर्षं झालेली. त्रेपन्नाव्या वर्षी तिला दम लागायला लागला, म्हणजे विहिरीवरून घरापर्यंत येताना मधे थांबायची आणि पदरानं तोंड पुसायची. मीच म्हणलं ये लॅबला, सीबीसी करू. एचबी ८.९ आलं. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा आकार ८१, म्हणजे पेशी फार लहान नाहीत. पांढऱ्या पेशी ठीक. प्लेटलेट ५ लाख ८४ हजार.

तो कागद अजून माझ्याकडे आहे.

अक्का तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेली, त्यांनी तपासलं, आयर्नच्या गोळ्या तीन महिन्यांच्या लिहून दिल्या, पोट साफ होत नाही म्हणाली तर त्याचं एक चूर्ण, गॅसचं एक कॅप्सूल. प्लेटलेट का वाढल्यात असं मी दाजींकरवी विचारलं होतं तर उत्तर आलं की लोह कमी असलं की वाढतात. ते खरंच आहे, वाढतात. म्हणून मीही गप्प बसले. डॉक्टर वाईट नव्हते, आमच्या गावात रात्री दोन वाजता दार उघडणारे तेच एक आहेत, आणि ओपीडीत साठ-सत्तर माणसं बाहेर बसलेली असताना एका बाईच्या धापेला किती वेळ देणार हे मी काउंटरच्या या बाजूनं रोज बघते. त्यांच्यावर राग काढायला हे पत्र लिहीत नाहीये.

दीड महिन्यानं परत केलं, ९.१. तीन महिन्यांनी ८.७. गोळी रोज घेत होती, शौचाला काळं होत होतं म्हणजे घेतच होती. वर बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, अळिवाचे लाडू, घरात जेवढं काय सांगितलं तेवढं सगळं. आणि एचबी जागचं हलेना. आता विचार करते तेव्हा वाटतं त्या तिसऱ्या कागदानं आम्हाला ओरडून सांगितलं होतं. साधा लोहाचा तुटवडा असता तर महिन्याभरात एक-दीड ग्रॅमनं तरी वर यायला पाहिजे होतं, हे आम्हाला डीएमएलटीच्या वर्गात शिकवलंय, तुम्हाला तर एमबीबीएसला शिकवलंय. गोळीनं वाढत नाही याचा अर्थ गोळी वाढवा असा नसतो, काहीतरी दुसरं चाललंय असा असतो.

दुसरं काय चाललं होतं ते तिच्या परकराच्या नाडीला कळलं होतं. नाडी पुरत नव्हती. वजन वाढलं म्हणून सगळ्या हसायच्या, आणि दंड मात्र बारीक झालेले, बांगड्या कोपरापर्यंत जायच्या, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही की अंग वाळतंय आणि पोट तेवढं वाढतंय हे वजन वाढणं नव्हे. अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरायचं. लघवीला रात्री चार-चारदा. हे सगळं तिनं सांगितलं का डॉक्टरांना? नाही. आणि विचारलं का कुणी? तेही नाही.

सोनोग्राफी झाली ती सुद्धा मुतखडा असेल म्हणून. पोटात पाणी, दोन्ही ओव्हरींवर गाठी. आधी कुणीतरी टीबी म्हणालं, पोटाच्या टीबीतही असंच पाणी होतं आणि ओव्हरीच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात ते सीए-१२५ वाढतं म्हणे, पण पाणी काढून तपासल्यावर कॅन्सरच्या पेशी मिळाल्या. ओव्हरीचा कॅन्सर, स्टेज ३ सी, म्हणजे पोटात पसरलेला. पहिल्या सीबीसीपासून तोपर्यंत सात महिने गेले होते.

डॉक्टरसाहेब, यात रक्ताचं काय झालं होतं ते मला नंतर कळलं. मी वाचत बसले, आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना विचारून विचारून हैराण केलं त्यांना. तुम्हाला हे माहीतच आहे पण ज्या बायका हे वाचतील त्यांच्यासाठी लिहिते. ओव्हरीच्या कॅन्सरच्या पेशी आणि पोटातलं ते पाणी यात इंटरल्यूकिन-६ नावाचा पदार्थ भरपूर असतो. तो यकृताला जाऊन सांगतो की अंगात मोठी सूज आहे, यकृत मग हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं, आणि हेप्सिडिन लोहाची दारं बंद करतं, आतड्यातून रक्तात यायचं दारही आणि साठवणीच्या पेशीतून बाहेर पडायचं दारही. जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीरानं केलेली ही जुनी सोय आहे. पण इथे जंतू नाहीतच, आणि होतं असं की कणगी भरलेली आहे पण झाकण कुणी उघडू देत नाही आणि घरातली माणसं उपाशी. अशा वेळी तोंडानं दिलेली गोळी आतड्यातच अडते आणि शौचावाटे निघून जाते. अक्काच्या गोळ्यांचं तेच झालं. अळिवाच्या लाडवांचंही.

यात अजून एक फसवणूक आहे. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी. कुणी केलंच तर फेरिटिन नॉर्मल येतं नाहीतर वाढलेलं, कारण सूज असली की ते आपोआप वाढतं, आणि मग लिहिलं जातं की लोह पुरेसं आहे. अक्काचं नंतर केलं तेव्हा ३४० होतं, बघणारा म्हणेल काय मस्त साठा आहे, आणि त्याच दिवशी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या लोह वाहणाऱ्या प्रथिनावर लोह किती भरलंय ते, ९ टक्के. वीसच्या खाली गेलं की हाडातल्या मज्जेला, जिथं रक्त बनतं तिथं, लोह पोचत नाहीये असं समजायचं. म्हणून एकटं फेरिटिन लिहू नका हो, सोबत सॅच्युरेशन लिहा, सूज दाखवणारी सीआरपी लिहा. एकाच लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये होतं सगळं, पेशंटला दुसऱ्यांदा टोचावंही लागत नाही.

आणि त्या प्लेटलेट. ह्याच्यावर मला थोडं जास्त बोलायचंय कारण हे माझ्या मशीनमधून निघतं. तोच इंटरल्यूकिन-६ यकृताला थ्रॉम्बोपोएटिन बनवायला लावतो आणि प्लेटलेट वाढतात. २०१२ मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला होता, ओव्हरीच्या कॅन्सरच्या ६१९ बायकांचा, त्यात निदानाच्या वेळीच ३१ टक्के जणींच्या प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर होत्या आणि त्या बायका कमी जगल्या. इंग्लंडात २०१७ मध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांच्या पेशंटचं बघितलं, चाळिशीपुढच्या ज्या बायकांच्या प्लेटलेट वाढलेल्या त्यातल्या ६.२ टक्के जणींना वर्षाच्या आत कुठला ना कुठला कॅन्सर निघाला, नॉर्मलवाल्यांत २.२ टक्के. त्यात फुफ्फुसाचे आणि आतड्याचे जास्त होते, पण मुद्दा कळतो ना. लोह कमी असल्यामुळे वाढल्यात हे कारण बरोबर असू शकतं, पण ते सगळ्यात शेवटी मानायचं कारण आहे, सगळ्यात आधी नाही. पाळी चालू असलेल्या तीस वर्षांच्या पोरीत ठीक आहे. पाळी जाऊन चार वर्षं झालेल्या बाईचं लोह जातंय कुठं? दर महिन्याला रक्त जात नाही, गरोदर नाही, अंगावर पाजत नाही. मग? तिच्यात खरंच लोह कमी असेल तर जठर आणि आतडं दुर्बिणीतून बघायचं हा जगभरचा नियम आहे, आणि लोह कमी नसताना एचबी कमी असेल तर सूज कुठंय ते शोधायचं. दोन्ही रस्ते शोधायलाच सांगतात. गोळी देऊन घरी पाठवा असं कुठलाच सांगत नाही.

मी कॉलेजला असताना आमच्या एका सरांनी ल्यूसी विल्सची गोष्ट सांगितली होती. १९२८ मध्ये ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन मरायच्या, आणि सगळे म्हणायचे गरिबी आहे, होणारच. ती त्या बायका काय खातात हे बघायला त्यांच्या घरापर्यंत गेली, परळच्या हाफकिनमध्ये प्रयोग केले, आणि मार्माइट म्हणजे यीस्टचा अर्क देऊन रक्त भरतं हे १९३१ मध्ये छापलं. पुढे त्या अर्कातलं जे निघालं ते फॉलिक ॲसिड. आज तुम्ही जी आयर्न-फॉलिकची गोळी लिहिता त्यातलं अर्धं नाव आपल्या परळच्या बायकांच्या रक्तातून आलंय. तिनंही "या बायकांचं असतंच कमी" असं म्हटलं असतं तर? का कमी आहे हे विचारलं म्हणून सापडलं ना.

आता पुढचं. निदान झाल्यावर तरी एचबीकडे कुणी बघेल असं मला वाटलं होतं. शहरात मोठ्या हॉस्पिटलला नेलं, तिथले डॉक्टर चांगले, बोलणं चांगलं, पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं दर २१ दिवसांनी, आधी तीन सायकल, मग ऑपरेशन, मग परत तीन. पण एचबीचा विषय निघायचा तो फक्त आदल्या दिवशी काउंट बसतात का, म्हणजे रक्तपेशींचे आकडे केमोला पुरेसे आहेत का नाही, एवढ्यापुरता. बसले तर केमो, नाही बसले तर घरी. मधल्या २० दिवसांत ते वर यावं म्हणून काय करायचं याचं उत्तर प्रत्येक वेळी "खाणं सुधारा". तोंडाला चव नसलेल्या, पोटात पाणी असलेल्या बाईला.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि एचबी ७.९. पुढे ढकललं. दोन पीसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींच्या पिशव्या लागतील म्हणाले, बदली रक्तदाते आणा. भाच्यानं गणपती मंडळाच्या पोरांना फोन लावले, आठ जण रात्रीच्या एसटीनं गेले, त्यातले तीन बाद झाले कारण त्यांचंच एचबी साडेबाराच्या खाली. एका पिशवीनं साधारण एक ग्रॅम वाढतं, दोन पिशव्या चढवल्या, ९.८ झालं, सोळा दिवस उशिरानं ऑपरेशन झालं. पहिल्या केमोच्या आधी, म्हणजे जवळजवळ अडीच महिने हातात असताना, आयर्न स्टडीज करून शिरेतून आयर्न दिलं असतं तर? हेप्सिडिनमुळे शिरेतलं आयर्नही पूर्ण लागू पडत नाही हे मी वाचलंय, पण आतड्याचं बंद दार तरी त्याला लागत नाही, आणि युरोपातल्या कॅन्सर डॉक्टरांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत केमोच्या पेशंटमध्ये लोह तपासा आणि कमी असेल तर शिरेतून द्या असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याच सरकारी दवाखान्यात गरोदर बाईचं एचबी फार खाली गेलं तर आयर्न सुक्रोज नाहीतर एफसीएम हे शिरेतलं आयर्न लावतात, नर्सताईंचा हात बसलाय त्यात. बाटली तीच, शीर तशीच. फक्त बाई गरोदर नाही.

मी अति बोलत असेन तर थांबवा, पण इथे मला एक गोष्ट नीट सांगायचीय कारण अर्धवट सांगितली तर नुकसान होईल. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये उपचार सुरू व्हायच्या आधी ज्या बायकांचं एचबी कमी असतं त्या सरासरीनं कमी जगतात, हे बऱ्याच अभ्यासांत परत परत दिसलंय. पण याचा अर्थ एचबी वर नेलं की आयुष्य वाढतं असा नाही. आजार जास्त पसरलेला असला की सूज जास्त, सूज जास्त की एचबी कमी, म्हणजे एचबी हा आजाराचा ताप मोजणारा थर्मामीटर असू शकतो. थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरत नाही. हे ज्यांनी करून बघितलं त्यांना वाईट अनुभव आला. एरिथ्रोपोएटिन या रक्त वाढवणाऱ्या हार्मोनची इंजेक्शनं देऊन कॅन्सर पेशंटचं एचबी बाराच्या वर न्यायचे प्रयोग झाले, स्तनाच्या, मानेच्या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये काही ठिकाणी उलट पेशंट लवकर गेले, रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं त्या इंजेक्शनवर काळ्या चौकटीतली इशारावजा सूचना छापायला लावली. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये तर गुठळ्यांचा धोका आधीच जास्त. म्हणून कुणी नातेवाईक हे वाचून डॉक्टरांच्या मागे लागू नका की एचबी वाढवायचं महागडं इंजेक्शन द्या. रक्ताच्या पिशव्यांचंही तेच, सात-आठच्या खाली गेल्यावर किंवा धाप, छातीत धडधड असेल तर लागतातच, पण आकडा सुंदर दिसावा म्हणून चढवायच्या नसतात. आणि मोठ्या पोटाच्या ऑपरेशनआधी शिरेतून आयर्न दिलं तर काय होतं याचाही इंग्लंडात मोठा अभ्यास झाला, २०२० ला आला, त्यात रक्त चढवायची वेळ काही कमी आली नाही, मृत्यू कमी झाले नाहीत, पण नंतरच्या महिन्यांत त्या लोकांचं एचबी जास्त राहिलं आणि परत ॲडमिट व्हावं लागलं ते कमी. म्हणजे जादू नाही.

मग मी एवढं का भांडतेय? कारण जगणं म्हणजे किती महिने एवढंच नसतं. एचबी आठला असताना अक्का न्हाणीपर्यंत भिंत धरून जायची. नातीला मांडीवर घेतलं की पाच मिनिटांत म्हणायची, घे गं हिला, हात गळतात. दोन पिशव्या चढवल्यावर ऑपरेशनआधीचे जे तेरा-चौदा दिवस मिळाले त्यात ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवर हात फिरवून आली, एका दिवशी बाहेर बसून तांदूळ निवडले. तेवढंच. पण ते तिचं होतं. आणि केमो वेळेवर व्हावी, ऑपरेशन ढकललं जाऊ नये, यालाही एचबी लागतंच की. चौथी आणि सहावी सायकल काउंट बसले नाहीत म्हणून दहा-दहा दिवस लांबली. कार्बोप्लॅटिनचा मज्जेवरचा ताण साचत जातो, शेवटच्या सायकलींना तो दिसणारच, हे पहिल्या दिवशी माहीत असतं, तर मग तयारी पहिल्या दिवसापासून का नाही?

युरोपातली एक मोठी पाहणी मी वाचली, २००४ ची, पंधरा हजारांवर कॅन्सर पेशंटची. सुरुवातीला ३९ टक्के ॲनिमिक, पुढे सहा महिन्यांत कधी ना कधी ६७ टक्के, आणि ज्यांना ॲनिमिया होता त्यातल्या जेमतेम ३९ टक्के लोकांना त्यासाठी काही उपचार मिळाला. बाकीचे तसेच. तिकडची ही गत, इकडची मी रोज बघते. आता ओलापॅरिबसारख्या नव्या गोळ्या आल्यात, बीआरसीए जीनमध्ये बदल असलेल्या बायकांना फार फायदा होतो त्यांचा, २०१८ च्या अभ्यासात आजार परत येण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी कमी झाला, आणि त्याच गोळीनं २२ टक्के बायकांना तीव्र ॲनिमिया झाला. म्हणजे जी बाई मुळातच नऊवर सुरुवात करते तिला ही चांगली गोळी डोस कमी करून घ्यावी लागणार किंवा मधे थांबवावी लागणार. आपल्याकडच्या बायका नऊवरच सुरुवात करतात हो.

आरोग्य विभागातल्या साहेबांपर्यंत हे पत्र गेलं तर त्यांनाही दोन शब्द. ॲनिमियामुक्त भारत २०१८ पासून चालू आहे, लहान मुलं, शाळेतल्या मुली, गरोदर, बाळंतीण, आणि ४९ पर्यंतच्या बायका, सगळ्यांसाठी गोळी आहे, मोजणी आहे. पाहणीही ४९ लाच थांबते. पन्नासाव्या वाढदिवसाला बाईचं रक्त आपोआप भरतं का? ओव्हरीचा कॅन्सर नेमका पाळी जाण्याच्या वयापासून पुढे जास्त. देशात २०२२ मध्ये अंदाजे ४७ हजार बायकांना तो झाला आणि जवळपास ३३ हजार गेल्या, स्तन आणि गर्भाशयमुखानंतर बायकांमधला तिसरा. सगळ्या बायकांची सीए-१२५ करा असं मी म्हणत नाही, इंग्लंडात दोन लाख बायकांच्या अभ्यासात वर्षानुवर्षं करून बघितलं, २०२१ ला निकाल आला, त्यानं जीव वाचले नाहीत. मी फक्त एवढं म्हणतेय की आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात छातीत गाठ आहे का, पाळी गेल्यावर रक्त जातं का हे प्रश्न आहेतच, त्यात पोट फुगतं का आणि थोडं खाल्लं की भरतं का हे दोन प्रश्न टाका, आणि पन्नाशीपुढच्या बाईचं एचबी मोजा. मोजलं नाही की ते कुणाच्याच टक्क्यात येत नाही. अक्का त्या ५४.२ मध्ये नव्हती.

आणि गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायका. आपल्याकडे, आणि बीडकडे ऊसतोडीच्या बायकांत तर किती, तिशी-पस्तिशीत पिशवी काढून टाकतात. बऱ्याच जणींची ओव्हरी आतच असते, आणि त्यांना वाटतं आता खालचा कसलाच आजार होणार नाही. "माझी पिशवी काढलीय की" असं म्हणून त्या पोटाचं सांगतच नाहीत. तुम्ही विचारा ना, काढताना ओव्हरी ठेवली का, कागद आहे का.

तुम्हा डॉक्टरांकडे माझं मागणं फार मोठं नाही. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढची बाई, एचबी दहाच्या आसपास किंवा खाली, तिला गोळी लिहा हवी तर, पण लिहिता लिहिता विचारा की पोट फुगतं का, जेवण कमी झालंय का, लघवीला सारखं जावं लागतं का, परकर घट्ट होतोय का. शेवटचा प्रश्न विचारला की बायका पटकन बोलतात, पोट फुगण्यापेक्षा नाडीचं त्यांना नक्की माहीत असतं. पोटावर हात ठेवून बघा. महिन्याभरानं एचबी परत करा आणि वाढलं नसेल तर डोस दुप्पट करू नका, सोनोग्राफी लिहा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या गॅसला गॅस म्हणू नका, इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनेत २०११ मध्येच लिहिलं होतं की पन्नाशीच्या किंवा पुढच्या बाईला पोटाची अशी लक्षणं नव्यानं आली, महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा, तर सीए-१२५ करा आणि ते ३५ किंवा जास्त आलं तर सोनोग्राफी. आणि कॅन्सर निघालाच, तर पहिल्या फाइलमध्ये पहिल्याच दिवशी लोह, बी-१२, फॉलिक, सॅच्युरेशन लिहा, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

अक्का दोन वर्षं चार महिने जगली. लवकर कळलं असतं तर ती वाचली असती असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, सात महिने आधी सुद्धा कदाचित तिसरीच स्टेज असती. हे मी रात्री कितीदा स्वतःशी बोललेय. पण त्या सात महिन्यांत तिला कुणी खोटं ठरवलं नसतं, "खात नाहीस, काम जास्त करतेस, मनाला लावून घेतेस" असं जे आम्ही घरातले सगळे तिला म्हणत राहिलो ते म्हणलं नसतं.

आता मी आमच्या सरांना सांगून एक केलंय. पंचेचाळिशीपुढची बाई, एचबी दहाच्या खाली आणि प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर, असा रिपोर्ट निघाला की मी मशीनवरून उठते, स्मिअर म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर करून सरांना दाखवते, आणि सर रिपोर्टवर खाली दोन ओळी लिहितात. जुने रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये असतात, मागच्या वेळेपेक्षा एचबी वाढलं नसेल तर ते आकडेही शेजारी छापतो. मग मी चिठ्ठीवरच्या नंबरला फोन करते. काही डॉक्टर नीट ऐकतात, एका मॅडमनी तर दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून मला उलट फोन केला, काही निघालं नव्हतं, फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठी होत्या, मला इतकं बरं वाटलं. काही जण रागावतात की टेक्निशियननं फोन का करावा, आणि काहींचा फोन लागतच नाही, ओपीडी चालू असते.

मी संध्याकाळी साडेसहानंतर परत लावते. तेव्हा उचला.

तुमची,
सातारा जिल्ह्यातली एक लॅब टेक्निशियन